पाच मिनिटं बिनभार

"सही तुमची राहील, आगासकर," चीफ इंजिनिअरसाहेब म्हणाले, दोन कॅटलॉग माझ्या टेबलावर ठेवले आणि निघून गेले. उद्या सकाळी दहापर्यंत टिपण हवं होतं. एवढंच घडलं. पण चहा समोर गार झाला तरी मी कॅटलॉगला हात लावला नाही. एकोणीस वर्षं मी या मिलच्या इंजिनखात्यात सह्या करतो आहे. तेलाच्या मागणीवर, रजेच्या अर्जावर, गेटपासवर. त्या सगळ्या सह्या दुसऱ्या कुणीतरी आधीच ठरवलेल्या गोष्टीखाली असतात आणि तिथे मला बरं वाटतं. आमच्या घराण्यात तीन पिढ्यांनी हेच केलं. आजोबा कस्टममध्ये, अप्पा पोर्टात, मी लालबागला. 'चिंतामणीचं अक्षर चांगलं आहे,' एवढी एकच स्तुती लहानपणी माझ्या वाट्याला आली आणि तिच्यावर मी बेचाळिशीपर्यंत आलो. आता साहेबांना अक्षर नको होतं, मत हवं होतं. दोन इंजिनांपैकी कुठलं घ्यायचं हे मी सांगायचं होतं.

मुळात प्रश्न साधा होता. वीज गेली की अर्धं साचेखातं, म्हणजे मागांचं खातं, चालतं राहावं म्हणून मिलच्या मागच्या अंगाला एक डिझेल इंजिन आहे. ते आता म्हातारं झालंय, पावसाळ्याच्या आत बदलायला हवं. पहिल्या कॅटलॉगमधलं इंजिन आठ सिलिंडरचं, अवाढव्य, संथ, स्वतःच्या छातीने श्वास घेणारं. दुसऱ्यातलं पाच सिलिंडरचं. पण त्याच्या डोक्यावर एक टर्बोचार्जर. बाहेर जाणाऱ्या गरम धुराने एक चाक फिरतं आणि ते चाक इंजिनात जबरदस्तीने हवा कोंबतं, त्यामुळे पाच सिलिंडर आठांचं काम करतात. इंजिनखात्यातल्या लोकांनी त्याला न बघताच 'फुंकणीचं इंजिन' असं नाव ठेवलं होतं. साहेबांना तेच हवं होतं. वाचणाऱ्या जागेत चार नवे साचे कसे बसतील याच्या खडूच्या रेघाही त्यांनी जमिनीवर मारून ठेवल्या होत्या. म्हणजे मत त्यांचं, सही माझी. हेही मला चाललं असतं, खोटं कशाला बोलू. यंत्र म्हणून मलाही ते आवडलं होतं. जो धूर आपण उगाच आभाळात सोडतो त्यालाच कामाला लावायचं, ही युक्ती मी पहिल्यांदा वाचली तेव्हा मला एकट्याला हसू आलं होतं. मग मी सतरावं पान उघडलं.

सतराव्या पानावर बारीक टायपात लिहिलं होतं की इंजिन थांबवण्यापूर्वी भार उतरवून ते पाच मिनिटं बिनभार चालू ठेवावं. कारण उघड होतं. ते चाक मिनिटाला हजारो फेरे घेतं. इंजिन एकदम तोडलं तर तेलाचा पंप तिथल्या तिथे थांबतो, पण चाक गरगरतच राहतं, तापलेल्या बेअरिंगमध्ये तेलाचा थेंब नाही, आणि मग ते जळतं. म्हणून पाच मिनिटं. आणि ती पाच मिनिटं लिव्हरपाशी एका माणसाने उभं राहायचं. मी 'पाच मिनिटं' या शब्दांवर बोट ठेवलं. मी कॅटलॉग मिटला, पुन्हा उघडला. तेच होतं. कदाचित चार असतील, तीन असतील, अशी काहीतरी वेडी आशा मला होती. खिडकीतून साचेखात्याचा एकसारखा आवाज येत होता आणि मला वाटलं, आता कुणीतरी आत येऊन म्हणेल, आगासकर, हे पाच मिनिटांचं तुम्हाला आधीपासून माहीत होतं ना.

छप्पनच्या जानेवारीत आमची मिल दुपारीच फुटली होती. 'फुटली' हा आमच्याकडचा शब्द. बाहेर रस्त्यावर 'संयुक्त महाराष्ट्र झालाच पाहिजे' सुरू झालं की आत एका खात्यातून आरोळी उठते, ती दुसऱ्यात जाते, पट्टे सुटतात, आणि इंजिन चालू असलं तर त्यावरचा माणूस लिव्हर खाली ओढतो. तीन मिनिटांत मिल रिकामी. मी घड्याळ लावून पाहिलंय. कुणी कुणाची वाट बघत नाही, आणि तेच बरं असतं, कारण घोळक्यात निघालेला माणूस घोळक्यातच घरी पोचतो. त्या दिवशीही तसंच झालं. फक्त सकाळपासून वीज नव्हती, इंजिन चालू होतं आणि मी इंजिनघरात होतो. मी हवेच्या टाकीचा काटा पाहिला, तो खाली आला होता. जुनं इंजिन दाबलेल्या हवेने सुरू होतं, टाकी रिकामी राहिली तर दुसऱ्या दिवशी खोळंबा आणि साहेबांचे बोल. मी तेलवाल्याला, बुधाजीला म्हणालो, "टाकी भरल्याशिवाय बंद करू नको. पाचच मिनिटं." आणि मी निघालो. मोठ्या गेटाने नाही. मागे गल्लीत उघडणारं स्टाफचं छोटं गेट आहे, त्याने. गल्लीत शांत होतं. भायखळ्याच्या दिशेने चालताना मागे कुठेतरी आवाज झाले, मला वाटलं की कुणी पत्र्याची दारं आपटतंय, किंवा मला तसं वाटून घ्यायचं होतं. गिरगावात घरी पोचलो तेव्हा यशोदेने, माझ्या बायकोने, रस्त्याकडच्या खिडकीला गाद्या उभ्या करून ठेवल्या होत्या. आम्ही दोघं आतल्या खोलीत जमिनीवर बसून राहिलो. तिसऱ्या दिवशी कळलं की इंजिनावरचा रामजी मोठ्या गेटाबाहेर गोळी लागून गेला. सगळे पुढे गेल्यावर तो एकटा बाहेर पडला होता. इंजिनघरातून निघायला त्याला उशीर झाला, असं लोक म्हणाले. कशामुळे उशीर झाला ते कुणी विचारलं नाही. मिल त्यानंतर आठवडाभर उघडलीच नाही. उघडली तेव्हा मी आधी जाऊन काटा पाहिला. टाकी काठोकाठ भरलेली होती.

या गोष्टीला आता दोन वर्षं झाली. मी ती कुणालाही सांगितली नाही. यशोदेलाही नाही. रामजी हा बुधाजीच्या बहिणीचा, बकुळेचा नवरा. बुधाजीने त्याला गावाहून आणून इंजिनावर चिकटवला होता. मी सांगितलं बुधाजीला आणि थांबला रामजी, हे कसं झालं ते मला माहीत नव्हतं आणि विचारायची छाती नव्हती. बुधाजी माझ्याशी पूर्वीसारखाच वागतो. सकाळी "जयभीम साहेब" म्हणतो, मी "हं हं" म्हणून पुढे सरकतो. छप्पनच्या दसऱ्याला तो नागपूरला जाऊन आला. नंतरच्या खंडेनवमीला त्याने इंजिनाला कुंकू लावलं नाही, नुसतं पुसून लखलखीत केलं आणि बाजूला उभा राहिला. मी तिथे नारळ घेऊन गेलो होतो. त्याने शांतपणे माझ्याकडे पाहिलं, आणि मला वाटलं, याला सगळं ठाऊक आहे. असं मला त्याने तेलाचा डबा मागितला तरी वाटतं. मिल उघडली त्या दिवसापासून मी संध्याकाळी टाकी भरायची पद्धत बंद केली, सकाळी आल्या आल्या, उरल्या हवेवर इंजिन सुरू करून भरा असं सांगितलं. कुणी कारण विचारलं तर काय सांगायचं तेही ठरवून ठेवलं होतं. कुणी विचारलं नाही. भित्र्या माणसाची तयारी नेहमी अशी वाया जाते.

संध्याकाळी ट्रामने घरी आलो. ठाकुरद्वारला उतरून चालताना समोरून येणाऱ्या प्रत्येक माणसाच्या मी वाटेतून बाजूला होत होतो. जेवताना भात चिवडत बसलो. यशोदा म्हणाली, "अहो, बोंबील तुमच्यासाठी मुद्दाम आणलेत. ताटात नुसती बोटं कसली फिरवताय?"

मी म्हणालो, "दोन इंजिनं आहेत. एक मोठं, एक लहान."

"बरं मग?"

"साहेबांना लहान हवंय. माझ्या मते मोठं बरं."

"मग मोठं लिहा. साहेब काय तुम्हाला खातोय?"

"कारण द्यावं लागतं, यशोदे. सगळं लहानाच्या बाजूने आहे. जागा कमी, तेल कमी, पायाही लहान."

"मग तुम्हाला मोठं का हवंय?" ती सहज म्हणाली आणि आमटी वाढू लागली. मी नुसता खोकलो. ती माझ्याकडे बघत राहिली. सोळा वर्षांच्या संसारात ती मला इतकं ओळखते की माझा सर्दीचा खोकला आणि काहीतरी लपवल्याचा खोकला तिला वेगवेगळा कळतो. त्या क्षणी तिने आणखी एकदा विचारलं असतं तर मी सांगून टाकलं असतं. तिने विचारलं नाही. कदाचित तीही घाबरली असेल. आमच्या घरात बोलायच्या गोष्टी पुष्कळ आणि न बोलायच्या त्याहून जास्त. मी हात धुतले आणि गॅलरीत उभा राहिलो. खाली कोपऱ्यावर समितीच्या सभेचा फळा लिहिणं चाललं होतं. म्हणजे पुन्हा हरताळ, पुन्हा आरोळी, पुन्हा तीन मिनिटं. आणि त्यानंतरची पाच मिनिटं मी उद्या सकाळी दहा वाजता कायमची लिहून देणार होतो. छप्पनला मी ते तोंडाने बोललो होतो आणि ते हवेत विरून गेलं. आता ते छापील नियम होऊन फ्रेममध्ये भिंतीवर लागलं असतं, खाली माझं सुरेख अक्षर. मी स्वतःला समजावत होतो की गोळीबार काय रोज होतो का. रोज होत नाही. पण मला रोजची भीती नव्हती, एकाच दिवसाची होती.

सकाळी पहिल्या पाळीच्या सुरुवातीलाच मी मिलमध्ये पोचलो आणि थेट इंजिनघरात गेलो. बुधाजी एकटाच होता, चिंध्यांनी हात पुसत बसला होता. मला बघून उठला. त्याला का विचारावंसं वाटलं सांगता येत नाही. बहुतेक मला सहीत वाटेकरी हवा होता.

"बुधाजी, नवीन इंजिन येतंय. मोठं घ्यावं की लहान?"

"तुमी मला कशाला इचारता साहेब? जे येईल ते चालवू."

"तरी पण."

त्याने थोडा विचार केला. "ल्हानच घ्या."

"त्याला बंद करायच्या आधी पाच मिनिटं थांबावं लागतं."

"म्हाईत हाय. कंपनीचा मानूस माप घ्यायला आलता, त्यो बोलला." मग तो माझ्याकडे न बघता म्हणाला, "मी थांबीन. दर टायमाला मीच थांबीन. दुसऱ्या कुनाला नगं."

"का?"

"त्या दिशी तुमी मला सांगितलं होतं साहेब. टाकी भर म्हून. माझी पाळी होती. मी दाजींना म्हनलं, तुमी जरा उभं ऱ्हा, मी गेटावर काय चाललंय ते बघून येतो. बघायला न्हवतो गेलो. पळालो. पार परळच्या नाक्यापर्यंत पळालो, मागं वळून बघितलं न्हाई." तो एकाच चिंधीने तेच बोट पुसत होता. "दाजी साधा मानूस. कुनी थांब म्हनलं की थांबायचा. बकुळाला म्हाईत न्हाई. तिला वाटतं, मी आदी निघालो आनि दाजी कामात ऱ्हायले. एका घरात ऱ्हातो आमी. ती मला रोज भाकर वाढती."

मला पहिल्यांदा काय वाटलं ते लिहितो, कारण त्याची लाज मला मरेपर्यंत पुरणार आहे. मला बरं वाटलं. दोन वर्षं छातीवर असलेलं काहीतरी एका श्वासापुरतं उतरलं. मी सांगितलं होतं ते बुधाजीला, थांबवलं ते बुधाजीने, माझा काय संबंध, असा हिशेब माझ्या डोक्याने माझ्या परवानगीशिवाय करूनही टाकला. पुढच्या श्वासाला मला स्वतःचीच भीती वाटली, इतकी की मी भिंतीला हात टेकला. समोर हा माणूस उभा होता. तो फुंकणीचं इंजिन मागत नव्हता, शिक्षा मागत होता. प्रत्येक आरोळीला सगळे गेल्यावर पाच मिनिटं एकट्याने उभं राहायचं आणि मग मोठ्या गेटाने एकट्याने बाहेर पडायचं. एक दिवस जे व्हायचं ते होईपर्यंत तो हे करत राहिला असता. आणि ती शिक्षा त्याला मी सहीशिक्क्यानिशी देणार होतो.

"हुकूम माझा होता, बुधाजी," मी कसाबसा म्हणालो.

"तुमी साहेब हाय," तो म्हणाला. "साहेब सांगनारच."

त्याच्या बोलण्यात राग नव्हता. असता तर मला उभं राहणं सोपं गेलं असतं. मी आणखी एक गोष्ट सांगायला हवी होती, छोट्या गेटाची. हुकूम देऊन मी त्याच मिनिटाला गल्लीतून पळालो, तुझ्याही आधी पळालो, हे. ते मात्र तोंडातून निघालं नाही. मी "हं हं" म्हणालो आणि टेबलाशी आलो.

साडेनऊपर्यंत नुसता कॅटलॉगची पानं उलटत बसलो. मग टाइपरायटरला कागद घातला आणि इंग्रजीत टायपिंग सुरू केलं. पहिल्या ओळीत मोठ्या इंजिनाची शिफारस केली. मग कारण. 'आरोळी झाल्यावर आपल्या मिलमध्ये कुणीही मागे राहत नाही व कुणाला मागे ठेवणे धोक्याचे आहे. जानेवारी १९५६ मध्ये हवेची टाकी भरण्यासाठी माझ्या सांगण्यावरून इंजिनखात्यातील इसम पाच मिनिटे मागे राहिला व एकटा बाहेर पडताना मरण पावला. मी स्वतः त्यापूर्वीच स्टाफच्या गेटाने निघून गेलो होतो.' इंग्रजीत हे सगळं फार सभ्य दिसत होतं. टाइप करताना माझे दात वाजत होते, जानेवारी नसताना. सही केली आणि कागद घेऊन साहेबांच्या केबिनमध्ये गेलो, कारण आणखी पाच मिनिटं माझ्याजवळ राहिला असता तर मी तो फाडला असता.

साहेबांनी टिपण दोनदा वाचलं. चष्मा काढला. मला वाटलं, आता नोकरी गेली. पोलीस, चौकशी, गिरगावातल्या घराचा जिना, सगळं डोळ्यांपुढे उभं राहिलं. साहेब फार शांतपणे म्हणाले, "आगासकर, हे फाइलला लावता येणार नाही."

"हो साहेब."

"तुम्हाला मोठं इंजिन पाहिजे ना? तुमचा मुद्दा मला समजला. मोठं घेऊ. खडूच्या रेघा पुसून टाकू. मागे भरावाची जमीन आहे, लहान पण वेगवान इंजिनाचे हादरे तिला सोसणार नाहीत, असं काहीतरी लिहा. हा पॅरा काढा." त्यांनी कागद माझ्याकडे सरकवला. थोड्या वेळाने, मान वर न करता, म्हणाले, "आणि हे पुन्हा कुणाला बोलू नका. तुमच्या भल्यासाठी सांगतोय."

मी बाहेर आलो. जिंकलो होतो. फुंकणीचं इंजिन येणार नव्हतं, पाच मिनिटांचा नियम भिंतीवर लागणार नव्हता, बुधाजी इतर सगळ्यांबरोबर लिव्हर ओढून बाहेर पडणार होता. आणि माझी नोकरीही शाबूत होती. यापेक्षा जास्त काय हवं असतं माणसाला. भरावाच्या जमिनीचं टिपण मी दहा मिनिटांत टाइप केलं, खोटं लिहिताना माझा हात अजिबात थरथरला नाही. सही करून शिपायाबरोबर पाठवलं. पहिला कागद खिशात घडी करून ठेवला होता. तो फाडायला मी कचऱ्याच्या टोपलीशी गेलो. वाकलो. आणि बुधाजीच्या खोलीत रोज भाकरी वाढणारी बाई, जी मी कधी पाहिलीसुद्धा नव्हती, ती मला दिसली. तिचा चेहरा नाही दिसला, फक्त हात. समोर बसलेल्या भावाला एवढंच वाटत राहणार की तिचा नवरा त्याने एकट्याने मारला, आणि माझ्या खिशातला कागद टोपलीत गेल्यावर तेच खरं होऊन बसणार.

इंजिनघरात तो टाकी भरत होता. इंजिनाच्या आवाजात बोलणं शक्य नव्हतं, म्हणून मी तो लिव्हर ओढेपर्यंत उभा राहिलो. मग त्याला म्हणालो, मोठं इंजिन येतंय. त्याने मान हलवली, चेहरा पडला होता. मी कागद काढला आणि त्यातला तो पॅरा वाचला, मराठीत, शब्दाला शब्द. स्टाफच्या गेटाशी आलो तेव्हा माझा आवाज फुटला आणि मला ती ओळ दुसऱ्यांदा वाचावी लागली.

बुधाजीने मान वर केली. मला वाटलं तो मारेल, आणि मारलं तर बरं, असंही वाटलं. त्याने चिंधी खाली ठेवली, मग कागद माझ्या हातून घेतला, इंग्रजी अक्षरांवरून नजर फिरवली आणि परत दिला.

"तुमीबी पळाला व्हता," तो म्हणाला.

"हो. तुझ्या आधी."

"आज सुट्टी झाली की माज्यासंगं खोलीवर चला साहेब. बकुळा घरीच असती. ह्ये तिला तुमी वाचून दाखवा. मंग माजं मी सांगतो."

साहेबांची भीती, पोलिसांची भीती, गोळीची भीती, या सगळ्या मी आयुष्यभर ओळखीच्या माणसांसारख्या वागवल्या होत्या. ही निराळी होती. एका बाईपुढे जमिनीवर बसून ही चार वाक्यं म्हणायची, आणि ती काय म्हणेल ते ऐकून घ्यायचं, मधेच उठून जायला तिथे दुसरं गेट नसणार. मी "येतो" म्हणालो. आवाज निघाला नाही, म्हणून पुन्हा म्हणालो.